फॉलो द सन (१९५१) : हरलेल्या सामन्यापर्यंत येऊन पोचणारा चित्रपट

वळेसर (धागाकर्ती)

आमच्या घरात कुणी गोल्फ खेळत नाही. फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर त्याचा संबंध यायचं कारणच नव्हतं. तरी गेले पंधरा दिवस एक गोल्फपटू माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

आधी आमचं सांगते. गेल्या पावसाळ्यात माझा नवरा बेळगावहून परत येत होता. चोर्ला घाटात धुकं एवढं दाट, की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. एका वळणावर समोरून गाडी अंगावर आली. डाव्या मांडीचं हाड मोडलं, डावा घोटा मोडला, बरगड्यांना मार लागला. आता दहा महिने होत आले. काठी घेऊन चालतो, दुकानात बसतो, हिशेब बघतो. पण बावीस वर्षं जत्रेच्या नाटकात उभा राहिलेला हा माणूस. ऐतिहासिक नाटक असलं की तलवारीचा प्रवेश त्याचाच. कार्तिकात तालमींचा विषय निघाला तेव्हा एवढंच म्हणाला, "माझं नाटक संपलं." आणि जेवायला बसला.

पुतण्याने हा चित्रपट लावून दिला. 'फॉलो द सन', १९५१चा, कृष्णधवल, साधारण दीड तासाचा. दिग्दर्शक सिडनी लॅनफिल्ड. अमेरिकन गोल्फपटू बेन होगनच्या आयुष्यावरचा. होगन झालाय ग्लेन फोर्ड आणि त्याची बायको व्हॅलेरी झालीय अ‍ॅन बॅक्स्टर. सॅम स्नीड, जिमी डेमरेट, कॅरी मिडलकॉफ हे त्या काळातले खरे खेळाडू पडद्यावर स्वतःच्याच भूमिकेत आहेत. गोष्ट थोडक्यात अशी: टेक्सासमधल्या गरीब घरातला अबोल मुलगा. वडील लोहार. होगन नऊ वर्षांचा असताना त्यांनी स्वतःला संपवलं. मुलगा पुढे कॅडी म्हणून श्रीमंतांच्या बॅगा उचलायला लागला, व्यावसायिक झाल्यावरही कित्येक वर्षं जिंकलाच नाही, मग एकदाचा जिंकायला लागला आणि १९४८मध्ये यूएस ओपनचा विजेता झाला. २ फेब्रुवारी १९४९च्या सकाळी टेक्सासमध्ये व्हॅन हॉर्न गावाजवळ धुक्यात त्याच्या मोटारीवर समोरून बस आली. ट्रकला मागे टाकायला म्हणून ती बस चुकीच्या बाजूला आली होती. होगनने स्टिअरिंग सोडून बायकोच्या अंगावर झेप घेतली. ती जवळजवळ सुखरूप राहिली. आणि स्टिअरिंगचा दांडा चालकाच्या सीटमधून आरपार गेला. म्हणजे तिला वाचवायला गेला म्हणून तोही वाचला.

ओटीपोटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गळ्याजवळचं हाड, डावा घोटा, एक बरगडी. वय छत्तीस. हा परत खेळेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

आता मला जे बोलायचंय ते. अकरा महिन्यांनी, जानेवारी १९५०मध्ये तो लॉस एंजेलिस ओपनमध्ये उतरला. चित्रपटाचा कळस तोच आहे. आणि ती स्पर्धा तो हरला. चार फेऱ्यांनंतर सॅम स्नीडशी बरोबरी झाली, नंतरच्या निर्णायक फेरीत स्नीड जिंकला. पाच महिन्यांनी यूएस ओपन जिंकून त्याने सगळ्या जगाला चकित केलं, पण चित्रपटाने आपला भर या हरलेल्या सामन्यावर दिलाय. मला हे फार खरं वाटलं. आपल्याकडचा कुणीही निर्माता शेवटी कप हातात देऊनच सोडता. माझा नवरा मात्र पाहून गप्प झाला. "शेवटी हरलाच ना," एवढंच त्याचं म्हणणं.

तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का? आणि मोडलेल्या हाडांनिशी परत उभ्या राहिलेल्यांना हा चित्रपट कसा वाटतो?

---

घुमट

पाहिलाय. खूप वर्षांपूर्वी, पुन्हा मागच्या वर्षी. धागा छान ताई, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे.

चित्रपटाचा मूळ धागा असा, की होगन थंड, तुसडा, लोकांना नकोसा. अपघातानंतर पत्रांचा पाऊस पडतो, त्याला कळतं की लोक आपल्यावर प्रेम करतात आणि तो बदलतो. ही फार सोयीची मांडणी आहे. पत्रं खरंच आली होती, ढिगाने आली होती. पण होगन पुढेही कमी बोलणाराच राहिला. १९५३मध्ये स्कॉटलंडला कार्नूस्टीत ब्रिटिश ओपन खेळायला गेला तेव्हा तिथले लोक त्याला बर्फाचा छोटा माणूस म्हणायचे, आणि ते प्रेमाने म्हणायचे. म्हणजे तो होता तसाच राहिला, लोकांनीच त्याला तसा स्वीकारला. चित्रपटाने हे उलटं करून टाकलंय. दुखण्यातून उठलेल्या माणसाने गोडही व्हायला हवं, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. आधीच पायात कळ मारत असते, वर हसून दाखवा.

स्विंगबद्दलही, म्हणजे फटक्यासाठी क्लब (गोल्फची काठी) फिरवण्याबद्दल, थोडं. ग्लेन फोर्ड गोल्फर नव्हता. लांबून घेतलेल्या काही दृश्यांत खुद्द होगननेच फटके मारलेत. लक्ष देऊन बघितलं तर फरक लगेच कळतो. फोर्डचा क्लब हवेत जातो, होगनचा क्लब चेंडूतून जातो.

---

काणकोणी_माणूस

मी काणकोणचा. आमच्याकडे राजबागला समुद्राला लागून रिसॉर्टचं गोल्फ मैदान आहे. नऊ होलचं, म्हणजे चेंडू घालायचे नऊ खळगे. अठरा खेळायचे तर तेच पुन्हा फिरायचं, फक्त टी (पहिला फटका मारायची जागा) बदलतात. बारावीनंतर दोन सीझन मी कॅडीचं काम केलंय, त्यामुळे हा चित्रपट मी वेगळ्या नजरेने पाहिला.

होगन फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन क्लबमध्ये कॅडी होता. पुढे तेवढाच मोठा झालेला बायरन नेल्सनही तिथेच बॅगा उचलायचा, दोघं एकाच वयाचे. कॅडींच्या स्पर्धेत नेल्सनने होगनला हरवलं होतं. हा भाग चित्रपटात झटकन सरकतो आणि मला तिथेच थांबावंसं वाटलं. कॅडी नुसती बॅग उचलत नाही. वारा कुठून आहे, ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) कुठे उतरतं, काल पाऊस पडला म्हणून चेंडू आज किती कमी घरंगळेल, हे सगळं त्याला ठाऊक असावं लागतं. मालकाच्या हाताकडे बघून बघूनच पोरं खेळ शिकतात. आम्ही संध्याकाळी मैदान रिकामं झालं की जुना क्लब घेऊन पुळणीवर चेंडू मारायचो. वाळूतून चेंडू काढायला मी तिथेच शिकलो.

आणि चालणं! लोक म्हणतात गोल्फ म्हणजे म्हाताऱ्यांचा खेळ. अठरा होल म्हणजे आठ-नऊ किलोमीटर सहज होतात, चढउतारावर, उन्हात. होगनच्या काळी यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी एकाच दिवसात छत्तीस होल खेळायचे असत. गाडीतून नव्हे, पायी. मोडून जुळलेल्या कमरेने. ज्याने बॅग उचललीय त्यालाच कळेल ते काय आहे.

---

लाल_माती

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून लिहिते. होगनच्या जिद्दीबद्दल दुमत नाही. पण गोव्यात बसून गोल्फवर धागा निघाला की मला पहिल्यांदा तेरेखोल आठवतं. केरीहून फेरीने नदी ओलांडून गेलं की डोंगराच्या टोकावरचा तो एवढासा गाव. तिथल्या गोल्फ प्रकल्पाविरुद्ध गावकरी वर्षानुवर्षं लढले. काजूची झाडं, कुळांच्या जमिनी, पिढ्यांची वहिवाट, सगळं पणाला लागलं होतं. त्याच्याही आधी, १९९०च्या दशकात, गोव्यातल्या जागरूक लोकांनी गोल्फ पर्यटनाविरुद्ध आवाज उठवला होता. अठरा होलच्या मैदानाला पन्नास-साठ हेक्टर जागा लागते, आणि जानेवारीपासून मेपर्यंत, आपल्या विहिरी तळाला जातात नेमक्या त्या दिवसांत, ते हिरवं ठेवायला पाणी लागतं.

म्हणून पडद्यावरचं ते हिरवंगार मैदान बघताना माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच येतं. मला खेळाडूचा राग नाही. काणकोणी_माणूस यांच्यासारख्या कॅडीचा तर मुळीच नाही.

---

काणकोणी_माणूस

लाल_माती ताई, तुमचं पाण्याचं म्हणणं खरं आहे, आम्ही तिथे राहून पाहिलंय. मी त्या वादात मैदानाची बाजू घेणार नाही. पण होगनसुद्धा त्या हिरवळीचा मालक नव्हता, तो कुंपणाबाहेरून आत आलेला पोरगा होता. माझं मन त्याच्याशी जुळतं ते तेवढ्यासाठी.

---

लाल_माती

हे पटलं. पाहते चित्रपट.

---

हातमोजा

गोलकीपर होतो. गावच्या टीमकडून, पुढे पणजीत दुसऱ्या डिव्हिजनपर्यंत. भात कापून झालं की शेतात स्पर्धा भरतात ना, तसल्याच एका स्पर्धेत कापलेल्या भाताच्या बुडख्यांवर पाय अडकला आणि गुडघा फिरला. लिगामेंट गेलं. शस्त्रक्रिया, नऊ महिने व्यायाम. परत उभा राहिलो तेव्हा पहिल्याच सामन्यात चार गोल खाल्ले.

वळेसर ताई, तुमच्या यजमानांना सांगा, मला तो लॉस एंजेलिसचा भाग सगळ्यांत जास्त पटला. परतल्यावर पहिल्या दिवशी कुणी जिंकत नाही. गुडघा बरा झालेला असतो, पण गुडघ्याला ते माहीत नसतं. डावीकडे झेप घ्यायची म्हटली की अर्धा क्षण अंग थांबतं. तो अर्धा क्षण जायला मला पुढे दीड वर्ष लागलं. क्रीडापत्रकार ग्रँटलंड राइसने होगनच्या त्या हरण्यावर लिहिलं होतं, की त्याचे पाय त्याचं काळीज वाहून नेण्याएवढे मजबूत नव्हते. मला हे वाक्य आमच्या कोचने वाचून दाखवलं होतं. तेव्हा गोल्फ म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं.

---

सुरंगी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बांबोळीच्या बाजूला काम करते. वाचून राहवलं नाही म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कारण होगनच्या दुखण्यातला सगळ्यांत गंभीर भाग हाडं हा नव्हताच.

ओटीपोटाचं हाड मोडलं की रुग्णाला आठवडेच्या आठवडे पडून राहावं लागतं. पडून राहिल्याने पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. होगनला एल पासोच्या रुग्णालयात नेमकं हेच सुरू झालं. तेव्हा न्यू ऑर्लिन्सहून डॉ. आल्टन ऑक्सनर यांना वायुसेनेच्या विमानाने आणलं गेलं आणि त्यांनी पोटातली मोठी नीला, पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मुख्य शीर, बांधून टाकली. जीव वाचला. पण मुख्य रस्ताच बंद केल्यावर पायातलं रक्त आजूबाजूच्या बारीक शिरांतून वाट काढत वर जाणार. घाटरस्ता बंद झाल्यावर गाड्या गावातल्या बोळांतून जातात तसं. म्हणजे पुढे आयुष्यभर पायांना सूज, गोळे, ठणका. आज असं असेल तर आधी रक्त पातळ करणारी औषधं देतात, गरज पडली तर शिरेत जाळी बसवतात. अशी शीर बांधण्याची वेळ आता क्वचितच येते.

एकूण ५९ दिवस तो रुग्णालयात होता. नंतर घरी खोलीत फेऱ्या, मग घराभोवती फेऱ्या. खेळायला लागल्यावरही घोट्यापासून मांडीपर्यंत इलॅस्टिक पट्ट्या गुंडाळून उतरायचा, रात्री तासन्‌तास गरम पाण्यात पाय. हे त्याने थोडे दिवस केलं असं नाही, उरलेली सगळी कारकीर्द केलं.

म्हणून मला 'पुनरागमन' हा शब्द या माणसासाठी अपुरा वाटतो. तो परत आला नाही. जुना होगन व्हॅन हॉर्नच्या रस्त्यावरच राहिला. त्यानंतर जो खेळला त्याने किती खेळायचं हेच नव्याने ठरवलं. दौऱ्यावर आठवड्यामागून आठवडे फिरणं सोडलं, वर्षाला मोजक्याच स्पर्धा निवडल्या. १९५३मध्ये फक्त सहा स्पर्धा खेळला आणि पाच जिंकल्या. त्यात मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या तिन्ही मोठ्या स्पर्धा. चौथी मोठी, पीजीए, खेळलाच नाही. एक तर तारखा ब्रिटिश ओपनला भिडत होत्या, आणि तिथे दिवसाला छत्तीस-छत्तीस होल करत दिवसेंदिवस खेळायचं, ते त्या पायांना झेपणारं नव्हतं. माझे रुग्ण विचारतात, "मी पहिल्यासारखा कधी होईन?" मी त्यांना खोटं सांगत नाही. पायऱ्या किती, उतार कुठे, बसायला कुठे मिळेल, ते आधी मोजायला शिकवते. होगनने गोल्फ असाच मोजून घेतला.

वळेसर ताई, यजमानांचा घोटा किती वाकतो? वर उचलताना आखडतो की खाली दाबताना? व्यायाम चालू आहे ना?

---

वळेसर

सुरंगी ताई, वर उचलताना आखडतो. उतरताना जास्त त्रास होतो, चढताना कमी. व्यायाम मध्यंतरी सोडला होता. तुमचा प्रतिसाद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. 'जुना होगन रस्त्यावरच राहिला' या वाक्याला त्याने पुन्हा वाच म्हणून सांगितलं.

---

सुरंगी

घोटा वर येत नाही म्हणूनच उतरणं अवघड जातं. भिंतीला हात टेकून, गुडघा पुढे नेत, टाच जमिनीवरून न उचलता ताण द्यायचा, पण तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच. आणि सोडू नका. एक वर्षानंतर सुधारणा होत नाही, असं लोक म्हणतात ते खरं नाही.

---

म्हादईकाठी

तारखांचा एक योगायोग कुणी लक्षात आणून दिला नाही म्हणून लिहितो. चित्रपट आला मार्च १९५१मध्ये. त्यानंतर महिन्याभरात, एप्रिलमध्ये, होगन मास्टर्स जिंकला, आयुष्यात पहिल्यांदा. जूनमध्ये ओकलंड हिल्सला पुन्हा यूएस ओपन. मैदान इतकं अवघड करून ठेवलं होतं की सगळे कण्हत होते, आणि याने शेवटची फेरी ६७ फटक्यांत संपवली (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं). त्याच्या नऊ मोठ्या अजिंक्यपदांपैकी सहा अपघातानंतरची आहेत. म्हणजे ज्या वेळी हॉलिवूडने त्याची गोष्ट पुरी केली त्या वेळी ती निम्मीही झाली नव्हती! जिवंत माणसावर चित्रपट काढण्यातला हा धोका आहे, आणि या बाबतीत तो किती सुंदर धोका ठरला. म्हणूनच मी घुमट यांच्याशी सहमत असूनही चित्रपटाला माफ करतो. तो काढणाऱ्यांना शेवट ठाऊकच नव्हता.

मेरिअनबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण ते चित्रपटापेक्षा मोठं आहे. जून १९५०, फिलाडेल्फियाजवळचं मेरिअन, यूएस ओपन. शनिवारी छत्तीस होल. दुपारच्या फेरीत बाराव्या होलजवळ पाय असे धरले की तो जवळजवळ पडलाच होता. हातातली आघाडी हळूहळू गेली. अठराव्या होलवर बरोबरी राखायला पार, म्हणजे होलसाठी ठरलेल्या फटक्यांत चेंडू आत जाणं, हवा होता. लांबचा, दोनशे यार्डांच्या पुढचा फटका. त्याने वन-आयर्न ही लोखंडी काठी काढली, जी चांगल्या चांगल्या खेळाडूंनाही साधत नाही, आणि चेंडू ग्रीनवर नेऊन ठेवला. मग ग्रीनवरच्या दोन हलक्या फटक्यांत (पट) पार. दुसऱ्या दिवशी तिघांची निर्णायक फेरी, पुन्हा अठरा होल: होगन ६९, लॉइड मँग्रम ७३, जॉर्ज फाझिओ ७५. अपघाताला तेव्हा सोळा महिने झाले होते.

त्या वन-आयर्नच्या फटक्याचं हाय पेस्किनने पाठीमागून घेतलेलं छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. चेहरा दिसतच नाही. पाठ, वर गेलेला क्लब, दोन्ही बाजूंना लोकांची भिंत आणि उजव्या बुटाचा खिळ्यांचा तळ. वळेसर ताई, तुमच्या यजमानांना ते दाखवा. चित्रपट नंतर पुन्हा पाहता येईल.

---

घुमट

म्हादईकाठी, तारखांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. माफ करायला मीही तयार आहे. तुसडेपणाचा भाग सोडून.

---

सुरंगी

त्या छायाचित्रात एक गोष्ट आम्हा लोकांना लगेच दिसते. उजव्या हाताने खेळणारा फटका पूर्ण करतो तेव्हा अंगाचा सगळा भार डाव्या पायावर येतो. उजवी टाच वर, नुसता चवडा टेकलेला. होगनचा मोडलेला घोटा डावा होता. पस्तीस होल चालून झाल्यावर, सुजलेल्या पायाने, तो मोडलेल्या घोट्यावर संपूर्ण उभा आहे आणि हललेला नाही.

---

हातमोजा

अंगावर काटा आला.

---

लाल_माती

काल रात्री पाहिला. बायकोची बाजू लक्षात राहिली. अ‍ॅन बॅक्स्टरने व्हॅलेरीचं वाट बघणं फार चांगलं केलंय. अपघातात ती वाचली, आणि वाचवणाऱ्याला पुढे रोज बघत राहायचं. वळेसर, तुमची आठवण झाली. तुम्हीही थोडं बसत जा.

---

वळेसर

सगळ्यांची फार ऋणी आहे. लाल_माती, तुमचं वाक्य वाचून डोळे भरून आले.

काय झालं ते सांगते. पुतण्याने ते छायाचित्र कागदावर मोठं छापून आणलं. नवरा दुकानात गल्ल्यावर बसला होता. बराच वेळ बघत राहिला. मग मी सुरंगी ताईंचा डाव्या पायाचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो उठला, काठी काउंटरला टेकवली आणि डाव्या पायावर भार टाकून बघितला. गिऱ्हाईक समोर उभं होतं, नारळ हातात घेऊन. चार-पाच सेकंद राहिला असेल. मग म्हणाला, "दुखतं." पण काठी लगेच घेतली नाही.

रविवारी तो आपणहून तालमीला गेला. तलवारीचा प्रवेश आता दुसऱ्या मुलाकडे आहे आणि ते त्यानेच सुचवलं, मुलाला पावलं स्वतः शिकवतोय, खुर्चीत बसून. त्याच्यासाठी वृद्ध सरदाराची भूमिका आहे, एकच मोठा प्रवेश, पण भाषण लांब आहे आणि आवाज त्याचा अजून तसाच आहे. देवळापुढच्या मांडवात रंगमंचाला डाव्या बाजूने चार पायऱ्या असतात, उजवीकडे उतार. दिग्दर्शकाला त्याने सांगितलं, मी उजव्या विंगेतून येणार. दिग्दर्शक म्हणाला, सरदार दरबारात डावीकडूनच येतो, बावीस वर्षं तसंच चाललंय. तर म्हणे, "मग यंदा दरबार फिरवा."

फिरवलाय.